खडकावरचं शेवाळ आणि त्यावरचे रहिवासी

मंडळी, समुद्रातल्या विषारी शैवालाचा विषय निघाला की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर लाल झालेलं पाणी येतं. ते शैवाल तरंगणारं असतं. पाण्याचा नमुना घेतला की हाती लागतं. आज मी ज्यांच्याविषयी बोलणार आहे ते सूक्ष्मजीव खडकाला, वाळूला, मेलेल्या प्रवाळाला आणि मोठ्या शेवाळाच्या पात्यांना धरून राहतात. गॅम्बियरडिस्कस, ऑस्ट्रिओप्सिस, प्रोरोसेंट्रम, कूलिया ही त्यांतली ठळक कुळं, आणि एकेका कुळात अनेक जाती. पाणी कितीही काळजीने तपासा, अहवाल निर्धोक येईल, आणि हातभर अंतरावरच्या शेवाळावर त्यांची दाट वस्ती असू शकेल. म्हणून किनाऱ्यावर लक्ष ठेवायचं तर खडकावर उतरलंच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास मोठी ओहोटी लागली की मुंबईत हाजी अलीचा, बँडस्टँडचा खडक उघडा पडतो. पावसाळा सरल्यावर तिथल्या डबक्यांत शेवाळ चांगलं वाढलेलं असतं. ते ओरबाडून काढायचं नाही. पिशवी पाण्याखालीच पात्यावर चढवायची, मग देठ कापायचा, नाहीतर चिकटलेल्या पेशी वाटेतच निसटतात. पिशवीत गाळलेलं समुद्राचं पाणी घालून ती जोरात हलवायची, मग पाणी आधी 200 मायक्रॉनच्या आणि नंतर 20 मायक्रॉनच्या चाळणीतून काढायचं. पहिल्या चाळणीवर कचरा अडकतो. दुसऱ्या चाळणीवर जे राहतं, त्यात आपल्याला हवं ते असतं.

आता मोजणी. शेवाळाच्या एका ग्रॅममागे किती पेशी, असं पूर्वीपासून सांगतात. पण पॅडिनाचं पसरट पातं आणि सर्गॅसमची बारीक फांदोऱ्यांची जुडी यांचं वजन सारखं असलं, तरी राहायला मिळणारी जागा सारखी नसते. दोन किनाऱ्यांचे आकडे मग एकमेकांशी जुळवताच येत नाहीत. त्यावरचा उपाय मला फार आवडतो: खिडकीला लावतात त्या फायबरग्लासच्या जाळीचा मापाचा तुकडा 24 तास पाण्यात बांधून ठेवायचा. क्षेत्रफळ आधीच ठाऊक असतं, पेशी आपण होऊन त्यावर येऊन बसतात आणि शेवाळही तोडावं लागत नाही. आपल्या भरती-ओहोटीच्या ओढीत जाळी टिकवायची तर खडकाची खाच नीट निवडावी लागेल, एवढंच.

सूक्ष्मदर्शकाखाली कुळ बऱ्याचदा लगेच ओळखता येतं. ऑस्ट्रिओप्सिसची पेशी थेंबाच्या आकाराची, प्रोरोसेंट्रम लिमाची लंबगोल आणि मधोमध ठळक गोल ठिपका असलेली. गॅम्बियरडिस्कस चपटी असते आणि या मंडळींत चांगलीच मोठी, बहुधा 60 ते 100 मायक्रॉन. पण जात ठरवायची तर कवचाच्या तबकड्या मोजाव्या लागतात. कॅल्कोफ्लोर नावाचा रंग घालून अतिनील प्रकाश सोडला की त्या तबकड्या निळ्या उजळतात आणि त्यांच्यामधले सांधे उठून दिसतात.

तेवढ्यानेही भागत नाही. गॅम्बियरडिस्कसचं वर्णन 1979 मध्ये झालं, टॉक्सिकस ही एकच जात म्हणून. पुढे बरीच वर्षं जगभर जे सापडेल त्याला तेच नाव दिलं गेलं. डीएनए वाचायला लागल्यावर एकामागून एक नव्या जाती वेगळ्या झाल्या, आणि 2015 मध्ये त्यांतल्या गोलसर पेशींचं फुकुयोआ हे निराळंच कुळ करण्यात आलं. त्यामुळे जुन्या नोंदींमधलं नाव आज जसंच्या तसं धरता येत नाही.

आणि नाव पक्कं झालं तरी विष सिद्ध होत नाही. एकाच कुळातल्या दोन जातींच्या विषारीपणात शेकडो पटींचा फरक असू शकतो. एकाच जातीच्या दोन वाणांतही फरक पडतो. त्यासाठी एकेक पेशी बारीक काचनळीने उचलायची, धुवायची आणि वाढवायची. वाढ मंद असते, घाई चालत नाही. मग अर्क काढून चेतापेशींवर चाचणी. इथे एक मेख आहे. गॅम्बियरडिस्कस सिग्वाटॉक्सिन या माशांत साठणाऱ्या विषासोबत मायटोटॉक्सिन हे दुसरं विषही बनवू शकते. तेही पेशी मारतं, पण पाण्यात विरघळणारं असल्यामुळे माशाच्या मांसात तसं साठत नाही. दोन्ही वेगळी न करता चाचणी केली तर निष्कर्ष फसतो. म्हणून शेवटी रेणूचं वजन मोजणाऱ्या यंत्रावर खात्री करायचीच.

हे सगळं कशासाठी? शेवाळ खाणाऱ्या माशांतून सिग्वाटॉक्सिन तांबोशी, गोबऱ्यासारख्या शिकारी माशांत साठतं. मंगळूरला 2016 मध्ये माशांची डोकी खाऊन मोठ्या संख्येने लोक आजारी पडले, तेव्हा संशय याच विषावर आला. प्रोरोसेंट्रम लिमाचं ओकाडाइक आम्ल तिसऱ्या, कालवं, शिनाण्या यांत उतरू शकतं आणि जुलाब घडवतं. ऑस्ट्रिओप्सिसचा तर अनुभव असा, की 2005 मध्ये इटलीतल्या जेनोआला किनाऱ्यावर नुसती हवा घेणाऱ्या सुमारे 200 जणांना ताप, खोकला, धाप लागून उपचार घ्यावे लागले.

मासे सोडा असं मी अजिबात सांगणार नाही. आपल्या बाजारात दूरच्या किनाऱ्यांचा मालही बर्फातून येतो, म्हणून एक लक्षात ठेवा: मासे खाल्ल्यावर उलट्या-जुलाब झाले, तोंडाभोवती मुंग्या आल्या आणि गार पाणी हाताला भाजल्यासारखं वाटलं, तर डॉक्टरांना मासा कोणता आणि कुठून आणला ते आठवणीने सांगा. उरलेला तुकडा टाकू नका, पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये ठेवा. हे विष शिजवून जात नाही तसं गोठवूनही जात नाही, त्यामुळे तो तुकडा पुढे तपासता येतो.