उसाच्या कडेला ताठ उभं राहा

श्रोतेहो, नमस्कार. कारखान्यांचे बॉयलर पेटलेत, फडात कोयता पडायला लागलाय, आणि जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूरच्या पट्ट्यात घरोघरी एकच धास्ती आहे, बिबट्याची. आमच्याकडे त्याला सरळ वाघच म्हणतात. मी ऊस करणारा शेतकरी. आज त्याच्याबद्दलच बोलायचंय.

हा बिबट्या जंगलातून वाट चुकून आलेला नाही. कुकडीच्या कालव्यांनी पाणी आणलं, पाण्यामागं ऊस आला. वर्ष-दीड वर्ष उभा राहणारा, दाट, गारव्याचा. मादीला पिल्लं घालायला याहून चांगला आडोसा कुठला? आणि पोटाला गावची कुत्री आहेतच. शेजारच्या अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यास केला, तेव्हा बिबट्याच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचाच निघाला. उसात जन्मलेल्या पिल्लाला ऊस हेच घर.

'धरा आणि लांब नेऊन सोडा,' असं मीही एकेकाळी तावातावानं म्हणायचो. पण २००१ नंतरच्या दोन-तीन वर्षांत आमच्या भागात तेच झालं. पिंजऱ्यात धरलेले कितीतरी बिबटे दूरच्या जंगलांत सोडले, आणि माणसांवरचे हल्ले कमी व्हायचे तर वाढले. शिवाय सोडलेला तिथंच राहतो असंही नाही. २००९ साली टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेला एक वयस्क नर गळ्यात माग काढणारा पट्टा घालून माळशेज घाटात सोडला होता. 'आजोबा' म्हणायचे त्याला. तो सुमारे १२० किलोमीटर चालत थेट मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात पोचला. ज्यानं माणूस मारला त्याला धरलंच पाहिजे, त्यात दुमत नाही. ज्या घरातलं लेकरू गेलं, त्या घराला कोण काय समजावणार? पण बाकीच्यांच्या शेजारी आपल्याला राहायचंय, तेव्हा राहायची रीत शिकायला हवी.

एका सकाळी मी बांधाकडेला गाईसाठी घास कापत होतो. उकिडवा बसलेला, हातात विळा, डोक्याला मफलर. इतका वेळ भुंकणारं कुत्रं एकदम गप्प झालं, म्हणून मान वर केली. दहा-बारा पावलांवर बांधावर तो दबून बसला होता. अंग दगडासारखं स्थिर, फक्त शेपटीचं टोक हलत होतं. पळावंसं वाटलं, पण पाय उचलेनात, तेच बरं झालं. मी हळूच उभा राहिलो, दोन्ही हात वर केले आणि जेवढा आवाज निघेल तेवढ्यानं ओरडलो. त्यानं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. मग वळला, पाचट करकरली, आणि उसात दिसेनासा झाला.

तेव्हापासून सगळ्यांना हेच सांगतो. खाली बसलेला, वाकलेला माणूस त्याला शेळी-कुत्र्याएवढाच दिसतो. लहान मूल तर उभं असलं तरी तेवढंच. म्हणून तो समोर आला तर वाकू नका, बसू नका, पाठ फिरवून पळू नका. पोर जवळ असेल तर उचलून खांद्यावर घ्या. मोठ्यानं बोलत, त्याच्याकडे तोंड ठेवून मागं सरका आणि त्याला जायला वाट ठेवा. वाट ठेवणं फार महत्त्वाचं. बिबट्या दिसला की अख्खं गाव मोबाईल घेऊन धावतं, चहूबाजूंनी घेरतं, दगड मारतं. कोंडलेला बिबट्या मग समोर येईल त्याच्यावर झेप घेतो.

रात्री पिकाला पाणी द्यायला, दारं धरायला, एकट्यानं जाऊ नका. दोघं जा, बॅटरी घ्या, गप्पा मारत किंवा मोबाईलवर गाणी लावून चाला. शेतीला दिवसा वीज मिळावी ही मागणी तर आपण सोडायचीच नाही, ती जिवाची मागणी आहे. मुकादमांना हात जोडून सांगतो, तोडणीवाल्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, उसाला खेटून घालू नका. त्यांची लेकरं अंधार पडल्यावर बाहेर राहता कामा नयेत. गोठ्याला वरूनही जाळी हवी.

आणि तोडताना पिल्लं सापडली तर हात लावू नका. फोटोसाठी मांडीवर तर मुळीच घेऊ नका, आई जवळच असते. तेवढा पट्टा तोडायचा थांबवा आणि वनखात्याला १९२६ वर फोन करा. मागच्या हंगामात आमच्या फडात तीन पिल्लं निघाली. वनखात्याच्या माणसांनी ती तपासली आणि दिवस मावळताना त्याच जागी टोपल्यात ठेवली. कॅमेऱ्यातलं चित्रण नंतर मला दाखवलं. अंधार पडल्यावर मादी आली, एकाला मानेशी धरून गेली. परत आली, दुसरं नेलं. मग तिसरं. आणि थोड्या वेळानं ती चौथ्यांदा आली, रिकाम्या टोपल्यात तोंड घालून बराच वेळ हुंगत राहिली, मग गेली.