राखलेला आंबटपणा

[दृश्य: दिंडोरी तालुका, फेब्रुवारीची सकाळ. मुरमाड उतारावरच्या द्राक्षओळी. खाली कादवेचं खोरं.]

निवेदन (वाइनमेकरच्या आवाजात):

फेब्रुवारी लागला की नाशिक जिल्ह्यातल्या बागाबागांतून माणसं द्राक्ष चाखत फिरताना दिसतात. व्यापारी मणी तोंडात टाकतो आणि भाव सांगतो. बागायतदार मणी चावतो आणि आणखी चार दिवस थांबायचं का ते ठरवतो. दोघांनाही गोडी हवी असते. त्याच दिवसांत मी माझ्या शेनिन ब्लाँच्या, म्हणजे पांढऱ्या वाइनच्या द्राक्षाच्या ओळींत आंबटपणा शोधत असतो. किती शिल्लक आहे, कधीपर्यंत टिकेल, एवढंच डोक्यात असतं.

माझी वायनरी लहान आहे. द्राक्षं घरचीच. नाना, म्हणजे माझे वडील, खायच्या द्राक्षाचे बागायतदार. त्यामुळे वाइन चाखणं ही कुठूनतरी बाहेरून आलेली गोष्ट आहे असं मला कधी वाटलं नाही. द्राक्षाची चव ओळखणारी माणसं आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. वाइनसाठी त्यांच्याच जिभेला वेगळा प्रश्न विचारावा लागतो.

[दृश्य: ओझर परिसरातल्या बागा. मांडवावर लोंबणारे हिरवे घड.]

महाराष्ट्राला द्राक्ष जुनं आहे. चौदाव्या शतकात इब्न बतूता दौलताबादला आला. तिथली द्राक्षं आणि डाळिंबं त्यानं नोंदवली, आणि वर्षातून दोनदा फळ येतं हेही लिहिलं. त्याला त्याचं नवल वाटलं असणार. थंड देशात वेल हिवाळ्यात पानं गाळून झोपते. आपल्याकडे ती झोपतच नाही. तिची विश्रांती आणि तिचं फळ, दोन्ही कात्रीनं ठरवावं लागतं. एप्रिलची खरड छाटणी काडी तयार करण्यासाठी, ऑक्टोबरची गोड छाटणी फळासाठी. इथली सगळी द्राक्षशेती या दोन छाटण्यांवर उभी आहे.

नाशिकच्या द्राक्षाची गोष्ट ओझरपासून सांगतात. 1925 च्या सुमारास रावसाहेब जयराम कृष्णा गायकवाड यांनी तिथे बाग लावली. आधी भोकरीसारख्या बियांच्या जाती होत्या. मग बिनबियांची थॉमसन सीडलेस आली आणि तिनं जिल्ह्याचं अर्थकारण पालटलं. 1960 साली द्राक्ष बागायतदार संघ स्थापन झाला. विरळणी, खोडाची साल कडीसारखी काढायचं गर्डलिंग, मणी फुगवणाऱ्या जीए या संजीवकात घड बुडवायचं डिपिंग, कलमासाठी अवर्षणाला आणि खारट पाण्याला टिकणारा डॉगरिजचा खुंट. नानांच्या पिढीनं हे सगळं शिकून घेतलं आणि मण्याची जाडी मिलिमीटरमध्ये मोजत युरोपच्या बाजारात माल पोचवला. डाऊनी आणि भुरी या बुरशीरोगांशी रात्री-बेरात्री झुंजून मिळवलेलं ते यश आहे. मला त्याचा फार अभिमान वाटतो.

वाइनला मात्र यातलं बरंचसं उलटं लागतं.

[दृश्य: दोन तळहात. एकावर थॉमसनचा लांबट टपोरा मणी, दुसऱ्यावर शिराझचा लहान काळा मणी.]

शिराझ या रेड वाइनच्या जातीचा हा मणी बघा. लहान, जाड सालीचा, आत बिया. बाजारात याला कुणी विचारणार नाही. पण रंग, तुरटपणा आणि सुगंधाचा मोठा भाग सालीत असतो. मणी जितका लहान, तितकी रसाच्या मानानं साल जास्त. खायच्या द्राक्षात एकरी दहा टन माल निघाला की बागायतदार खूश होतो. मी चार-पाच टनांवर थांबतो. वेलीवर जास्त घड ठेवले तर वाइन पातळ होते, म्हणून चांगले दिसणारे घडसुद्धा खाली पाडावे लागतात. ते पाडताना नाना बागेत थांबत नाहीत. त्यांच्या जागी मी असतो तर मीही थांबलो नसतो.

वाइनचा धंदा इकडे आला तो जरा उशिरा. नारायणगावला शामराव चौगुले यांनी 1980 च्या दशकात फ्रेंच तंत्रानं फेसाळ वाइन तयार केली. नव्वदच्या दशकाच्या शेवटी राजीव सामंत यांनी नाशिकजवळ वाइनची द्राक्षं लावली, आणि 2000 साली त्यांच्या सुला कंपनीची पहिली वाइन बाजारात आली. 2001 मध्ये राज्यानं द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणलं. विंचूरला वाइन पार्क झालं. शेतकऱ्यांनी थॉमसन काढून कॅबरने आणि शिराझ या वाइनच्या जाती लावल्या.

मग 2008 आलं. जगभर मंदी, त्यात मुंबईवरचा हल्ला. हॉटेलं ओस पडली. टाक्यांत वाइन तशीच राहिली आणि द्राक्षाला गिऱ्हाईक उरलं नाही. वाइनची द्राक्षं घरी कुणी आवडीनं खात नाही, बाजार समितीत विकता येत नाहीत. लोकांनी उभ्या बागांवर कुऱ्हाड चालवली. आमच्या शिवारातल्या कितीतरी शेतांत त्यानंतर टोमॅटो आला. वाइन पर्यटनाच्या चकचकीत फोटोंत ही शेतं दिसत नाहीत. ती दिसायला हवीत, म्हणून या चित्रफितीत मी ती मुद्दाम दाखवतो आहे.

[दृश्य: टोमॅटोचं शेत. कडेला जुन्या द्राक्षबागेचे गंजलेले अँगल.]

[दृश्य: वायनरीतली चाखण्याची खोली. लाकडी टेबल, काचेचे ग्लास, स्टीलच्या टाक्या.]

शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याकडून पाहुणे येतात. सुलानं 2005 साली टेस्टिंग रूम उघडली, तेव्हापासून नाशिकला या कामासाठी येण्याची रीत पडली. पुष्कळ जण बिचकत बसतात. ग्लास कसा धरायचा, काय म्हणायचं, चुकलो तर? मी त्यांना आधी बागेत नेतो. मणी खाऊन बघा म्हणतो. गर चोखा. साल वेगळी चावा, गालांना आत काय होतं ते पाहा. बी दाताखाली फोडा. हिरवी असेल तर कडू लागेल, तपकिरी झाली असेल तर सुक्यामेव्याची चव येईल.

मग ग्लास. दांडीला धरा, म्हणजे हाताची ऊब वाइनला लागत नाही. हलकेच फिरवा, वास घ्या. छोटा घोट तोंडात घोळवा आणि श्वास नाकातून सोडा, कारण चव म्हणून आपण जे सांगतो त्यातलं बरंचसं घशामागून नाकात पोचलेला वासच असतो. सोविन्याँ ब्लाँ या पांढऱ्या वाइनला पेरूचा वास येतो असं कुणी म्हणालं की बाकीचे हसतात. पण ते खरंच आहे. पेरूच्या वासातले काही गंधकयुक्त रेणू या वाइनमध्येही असतात. शिराझमध्ये काळी मिरी जाणवते तेही असंच. रोटंडोन नावाचं एकच द्रव्य दोन्हीत सापडतं.

रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी, हा सल्ला युरोपातल्या थंड घरांचा आहे. नाशिकच्या एप्रिलात तो ऐकू नका. सोळा-अठरा अंशांपर्यंत थंड करा, मगच तिची चव नीट लागेल.

[दृश्य: निफाड परिसर, जानेवारीची पहाट. धुकं. बागेत पेटवलेल्या शेकोट्या.]

आता आंबटपणाकडे येतो. फ्रान्समध्ये द्राक्ष उन्हाळ्याकडून शरदाच्या गारव्याकडे जात पिकतं. आपल्याकडे ते थंडीतून उन्हाकडे जात पिकतं. जानेवारीत निफाडचा पारा पाच अंशांखालीही उतरतो, आणि मार्चमध्ये दुपार पस्तिशीपलीकडे जाते. मण्यात मॅलिक आम्ल असतं, आणि ऊब वाढली की वेल ते झपाट्यानं खर्चून टाकते. साखर बावीस-तेवीस ब्रिक्सवर, म्हणजे रसात शेकडा साधारण तेवढी, आली म्हणून आनंदात राहावं, तर तोवर आंबटपणा गेलेला असतो. अशी वाइन जड आणि बसकी लागते, जेवणाशीही तिचं जमत नाही. तोडणी चार दिवस लांबली तर ते थेट ग्लासात उतरतं.

हे माझ्याइतकंच अचूक आईला कळतं. आई माळकरी आहे. तिनं वाइन कधी ओठाला लावलेली नाही, आणि तिनं ती लावावी असं मलाही कधी वाटलं नाही. पण तोडणीच्या दिवसांत ती ओळींतून फिरते, मणी चाखते आणि सांगते, खालच्या अंगाचं आधी तोडा, त्याची आंबटाई चाललीय. प्रयोगशाळेचा आकडा मागाहून येतो. चांगली वाइन करायला वाइन पिणारंच माणूस लागतं, असं मला आता वाटत नाही.

[दृश्य: वायनरीच्या भिंतीवरचा बागेचा नकाशा. वरच्या तुकड्यावर खडूची खूण.]

बागलाणात निर्यातीचे बागायतदार लवकर छाटणी घेतात, हंगामाआधीचा भाव मिळावा म्हणून. मला तीच युक्ती थंडीसाठी वापरायची आहे. यंदा शेनिनचा वरचा तुकडा सप्टेंबरात छाटणार, म्हणजे मणी जानेवारीच्या गार रात्रींत पिकतील. धोका पावसाचा आहे. परतीचा पाऊस लांबला आणि फुलोऱ्यात सापडला, तर डाऊनी पुरा घड खाईल. म्हणून खालचा तुकडा नेहमीसारखा ऑक्टोबरातच छाटायचा, असं नानांनी बजावलं आहे आणि मी ते मान्य केलं आहे. दोन्हींचा रस वेगळ्या टाक्यांत आंबवू. जूनमध्ये येणाऱ्या पाहुण्यांसमोर दोन ग्लास शेजारी ठेवू, आणि कुठला सप्टेंबरचा ते आधी सांगणार नाही.