आधी चिखलाकडे बघा

[पहाट. पाण्यावर धुकं.]

अजून पुरतं उजाडलेलं नाही. लपणात बसल्यावर सुरुवातीला दिसत काहीच नाही, नुसतं ऐकू येतं. पंखांची फडफड, लांबवर वारकरी पक्ष्यांचा कलकलाट. दुर्बीण गळ्यातच राहू द्या.

उजेड फुटला की नजर रंगीत पक्ष्यांकडे धावते. पण आधी चिखलाकडे बघा. पाणथळीवर कोणी कुठं चरायचं, हे ठरतं पाण्याच्या खोलीवर.

काठावर तुतवार लगबगीनं टिपत चाललाय. चोच आखूड, त्यामुळे वरच्या थरातलं तेवढं त्याचं. चार पावलं आत शेकाट्या. लांबलचक गुलाबी पायांमुळे पोटाची पिसं न भिजवता तो पाण्यात शिरतो. त्याच्यापलीकडे चमचा, चपटी चोच अर्धवट उघडी ठेवून पाण्यात डावी-उजवीकडे फिरवतोय. भक्ष्य दिसलं नाही तरी चालतं. चोचीला लागलं की ती मिटते.

[गवताच्या कडेवर कॅमेरा स्थिर.]

इथं एक पाणलावा बसलाय. अंगावर वाळल्या गवतासारख्याच रेघा. सापडला? आता तो लांब चोच चिखलात खोल खुपसेल आणि चोच आत रुतलेली असतानाच तिचं फक्त टोक उघडून किडा धरेल. कितीही वेळा पाहिलं तरी थक्क व्हायला होतं. डोळे डोक्यावर उंच आणि मागे सरकलेले, त्यामुळे चोच मातीत असतानाही आकाशावर लक्ष राहतं.

पाणी वीतभर चढलं तर यातला बराचसा चिखल बुडतो आणि तुतवाराचं ताट जातं.

हे ताट किती मोलाचं? 2022 साली पट्टेरी शेपटीचा एक पाणटिवळा अलास्काहून निघाला आणि थेट टास्मानियात उतरला. 13,560 किलोमीटर, अकरा दिवस, वाटेत कुठंही न थांबता. वय जेमतेम पाच महिने. एवढं उडून येणाऱ्याला उतरल्याबरोबर पोटभर खायला हवं. म्हणून फोटोसाठी दोन पावलं पुढे टाकून थवा उठवणं आम्हाला मुळीच पटत नाही. प्रत्येक भरारीत साठवलेली चरबी जळते.

[अचानक कल्लोळ. सगळा थवा हवेत.]

दलदली ससाणा! वारकरी एकमेकांना चिकटून गोळा झाले. शेकाटे ओरडत घिरट्या घालताहेत. ससाणा लव्हाळ्यांच्या अगदी जवळून सरकत गेला, रिकामाच.

एकेक करून सगळे परत उतरताहेत, आपापल्या खोलीच्या पाण्यात.

पाणलावा जागचा हललाच नव्हता.