माळ्यावरचं ऊन

(दृश्य: साताऱ्याची जुनी पेठ, मागे अजिंक्यतारा. कॅमेरा छपरांवरून सावकाश सरकतो.)

चिमणपुरा, यादोगोपाळ, व्यंकटपुरा. या पेठांमधल्या एखाद्या गच्चीवरून खाली पाहिलं की शेजारीशेजारी तीन काळांची छपरं दिसतात. कुठे उरलंसुरलं माळवद, कुठे मंगलोरी कौलं आणि जिकडेतिकडे पत्रा.

माळवद म्हणजे तुळयांवर किलचण, म्हणजे लाकडी पट्ट्यांचा थर, आणि तिच्यावर चोपून बसवलेली माती. माती फूटभर जाड असेल, तर दुपारचं ऊन खालच्या खोलीत पोहोचायला आठ-दहा तास लागतात. त्यामुळे दुपारी घर गार राहायचं. रात्री मात्र छतातून ऊब उतरायची, मग माणसं अंथरुणं घेऊन माळवदावरच झोपायला जायची.

1860च्या दशकात बासेल मिशनच्या लोकांनी मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि पुढे ती कौलं आपल्याकडच्या छपरांवरही चढली. कौल पातळ असतं, पण त्याच्या सांध्यांतून हवा जाते. माळ्यावर साठलेली गरम हवा तिथून आपोआप बाहेर पडते.

(दृश्य: दुपार. पत्र्याचं छप्पर, जवळून.)

मग पत्रा आला. तो आला यात लोकांचं काही चुकलं नाही. माळवद गळतं, दरवर्षी माती घालावी लागते, तिच्या भारानं तुळया वाकतात. कौलं शाकारायला माणसं मिळत नाहीत. पत्रा हलका, स्वस्त आणि न गळणारा. पण त्याची जाडी एक मिलिमीटरही नसते. एप्रिल-मेच्या उन्हात तो साठ अंशांच्या वर तापतो आणि ती सगळी धग खाली फेकतो. माळवदाच्या मातीनं थोपवलेलं ऊन आता थेट माळ्यावर आणि तिथून फळ्यांमधून खोलीत उतरतं.

आपण ज्या घरात आलो आहोत, तिथे असंच झालं आहे. आजींची मागणी साधी आहे: वरची खोली दुपारी वापरता यावी आणि पौषात तिथे झोपता यावं.

(दृश्य: तक्तपोशीखाली, म्हणजे खोलीच्या फळ्यांच्या छताखाली, उदबत्ती धरलेला हात. धूर एका फटीकडे ओढला जातो.)

उष्णता अडवायला माळ्यावर अंथरायचं रॉकवूल, म्हणजे दगडाच्या तंतूंची लोकर, तिचे गठ्ठे अजून जिन्याखालीच आहेत. आधी उदबत्ती, फटी शोधायला. खिडक्या लावून घेतल्या, पंखा बंद केला आणि मिस्त्रीकाका तक्तपोशीच्या कडेकडेनं उदबत्ती फिरवत निघाले. फळ्यांच्या सांध्यांत धूर जरासाच हलला. पंख्याच्या हुकापाशी आणि वायरच्या भोकांपाशी तो वर खेचला गेला. भिंतीचा माथा आणि वासे यांच्यामध्ये तर चांगली बोटभर फट निघाली. माळ्याच्या झडपेभोवतीही तेच.

थंडीत खोलीतली उबदार हवा हलकी होऊन या फटींतून वर जाते आणि तिच्या जागी दाराखालून गार हवा आत येते. ए.सी.च्या खोलीत उलटं घडतं: थंड झालेली जड हवा खालून निसटते आणि माळ्यावरची तापलेली हवा धुळीसकट खाली ओढली जाते. फटी तशाच ठेवून वर रॉकवूल अंथरणं म्हणजे घोंगडी पांघरून पाठ वाऱ्याला उघडी ठेवणं. रॉकवूल काम करतं ते त्याच्या तंतूंमध्ये अडकलेल्या स्थिर हवेमुळे. त्यातून वारा वाहू लागला की त्याचा उपयोग बराच कमी होतो.

भिंतीच्या माथ्यावरची फट मिस्त्रीकाकांनी ताग ठासून चुन्यानं बंद केली. फळ्यांच्या सांध्यांत जवसाचं तेल आणि खडू मळून केलेली लांबी, म्हणजे पुट्टी, भरली. सिमेंट नको म्हणाले, आणि ते बरोबरच आहे. लाकूड पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. सिमेंट त्याच्याबरोबर हलत नाही, तडकून सुटतं. झडपेला चारही कडांनी रबरी पट्टी आणि घट्ट बसणारी कडी लावली.

एक गोष्ट मात्र ठासून सांगायला हवी. बंद करायची ती तक्तपोशी, छप्पर नव्हे. तक्तपोशीच्या वर माळ्यात वारा खेळलाच पाहिजे. म्हणून वळचणीला खालच्या फटी आणि आढ्याजवळचा झरोका मोकळा ठेवला आहे. त्यांना बारीक जाळी मारली, म्हणजे उंदीर आणि पाकोळ्या आत येणार नाहीत.

आणि ज्या खोलीत चूल पेटते किंवा गॅसचा गिझर आहे, तिथे धूर आणि वायू बाहेर जायची वाट राखल्याशिवाय एकही फट बुजवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. त्यानं जीव जातो.

(दृश्य: माळ्यावर पसरलं जाणारं रॉकवूल. मास्क, हातमोजे.)

आता रॉकवूल, पन्नास मिलिमीटर जाडीचं. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या 2018च्या इको निवास संहितेनुसार घराच्या छपरातून एका चौरस मीटरमागे, दर अंश फरकाला, 1.2 वॅटपेक्षा जास्त उष्णता जाऊ नये. नुसत्या पत्र्यातून याच्या तिपटीहून जास्त जाते. हा एक थर नीट, सलग बसला तर आकडा मर्यादेच्या खाली येतो. थर्माकोलही उष्णता अडवतो आणि स्वस्त पडतो, पण तो पेट घेतो, आणि जुन्या घराच्या माळ्यावर जुन्या वायरी असतात. इथे कापडी वेष्टणाची वायर निघाली. ती आधी बदलली, मगच अंथरायला सुरुवात झाली.

पत्र्याखाली थोडं अंतर सोडून ॲल्युमिनियमची फॉइल ताणली आहे, चकचकीत बाजू खाली. ही बाजू तापली तरी खाली फार थोडी धग सोडते. वर ठेवली तर तिच्यावर धूळ बसते आणि गुण जातो.

तुमच्या छपरावर जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांना भोक पाडू नका, कापू नका, घासू नका. त्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं, आणि त्याची धूळ फुप्फुसात जाऊन बसते.

हे सगळं काम मृगाच्या आधी उरकलं, तेही गळती काढून झाल्यावर. भिजलेलं रॉकवूल ऊन अडवत नाही, उलट खालचं लाकूड कुजवतं. म्हणून वर प्लॅस्टिकचा कागद घातलेला नाही; ओल आली तरी तिला सुकायला वाट आहे. वळचणीजवळच्या कोपऱ्यात रॉकवूलचा एक तुकडा सुटा ठेवला आहे. आषाढ-श्रावणात तो अधूनमधून उचलायचा आणि खालची फळी हातानं चाचपायची. ओल लागली तर आधी तेवढं रॉकवूल बाहेर काढायचं, मग मिस्त्रीकाकांना छपरावर चढवायचं.