बेलीफ दारात आला तर कागद घ्या

नमस्कार शेतकरी बंधूंनो आणि मायबहिणींनो,

तूर काढणीचे दिवस आहेत, म्हणून कोर्टातले मोजकेच शब्द घेतो. सुरुवात समन्सपासून, म्हणजे कोर्टात हजर राहा असं सांगणाऱ्या कागदापासून, कारण आपल्या गावांत सगळ्यात जास्त नुकसान याच कागदाला घाबरून होतं.

बेलीफ, म्हणजे कोर्टाचा कागद घरी आणून देणारा माणूस, फटफटी लावून विचारतो, "अमुक पाटील इथंच राहतात का?" घरातून उत्तर येतं, "ते वावरात गेले, आमाले काई मालूम नाई." नाहीतर, "मी काहून सही करू? सही केली की अडकलो!" बाप्पा, सही म्हणजे कबुली नव्हे. कागद मिळाला, एवढाच तिचा अर्थ. तुम्ही घरी नसाल आणि लवकर भेटण्याची शक्यताही नसेल, तर सोबत राहणाऱ्या घरातल्या सज्ञान माणसाकडे समन्स देता येतं. घ्यायला नकार दिला, तर बेलीफ दारावर प्रत चिकटवतो आणि तसा अहवाल कोर्टाला देतो. कोर्टाला तो पटला की समन्स बजावलं गेलं, असंच धरतात.

दिवाणी दाव्याचं समन्स म्हणजे अटकेचा हुकूम नाही. धुऱ्याचं भांडण, वाटणी, उसनवारीचे पैसे, हे सगळं दिवाणी. ज्यानं दावा टाकला तो वादी, ज्याच्यावर टाकला तो प्रतिवादी. समन्सवर कोर्टाचं नाव, दाव्याचा नंबर आणि तारीख असते, सोबत दाव्याची प्रत. ती प्रत सांभाळा, वकील सगळ्यात आधी तीच मागतो.

त्या दाव्याला तुमचं लेखी उत्तर म्हणजे कैफियत. समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत ती द्यायची असते. कोर्ट कारण लिहून 90 दिवसांपर्यंत मुदत देऊ शकतं. हजरच झालं नाही तर दावा एकतर्फी चालतो, म्हणजे वादी बोलतो आणि तुमची बाजू कोर्टापुढे येतच नाही. एकतर्फी हुकूमनामा, म्हणजे दाव्याचा निकाल, झालाच, तर तो रद्द करायला अर्ज करता येतो. त्याला मुदत 30 दिवसांची, आणि गैरहजेरीचं पटेल असं कारण लागतं. "पेरणी चालू होती" एवढ्यावर भागेल, या भरवशावर राहू नका.

आता 'स्टे'. पारावर कोर्टाच्या प्रत्येक कागदाला स्टेच म्हणतात. खरं तर "या वावरात नांगर घालू नको" असं कोर्टानं बजावलं, तर तो मनाई हुकूम. तात्पुरता असेल, तर दाव्याचा निकाल अजून व्हायचा आहे. खालच्या हुकुमाची अंमलबजावणी वरच्या कोर्टानं थांबवली, तर ती स्थगिती. म्हणून समोरचा "मी स्टे आणला, जमीन माझी झाली" म्हणत फिरत असेल, तर हुकुमाची नक्कल काढून नेमकं काय लिहिलंय ते वाचा.

फौजदारीबद्दल थोडक्यात. अदखलपात्र गुन्ह्यात, म्हणजे ज्याला आपण एन.सी. म्हणतो त्यात, न्यायदंडाधिकाऱ्यांच्या हुकुमाशिवाय पोलीस तपास करत नाहीत. दखलपात्र गुन्ह्याची खबर एफआयआर म्हणून नोंदवतात आणि तिची प्रत खबर देणाऱ्याला फुकट मिळते. ती मागायला लाजू नका. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन मिळणं हा हक्क आहे. पण जामीन म्हणजे निर्दोष सुटका नव्हे, खटला चालूच राहतो. तारखेला गेलं नाही की वॉरंट निघतं, आणि मग पोलीस खरंच घरी येतात.

वकिलाला पैसे नसतील तर? तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते. 1987 च्या कायद्यानं महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीची माणसं, अपंग आणि कोठडीतले यांना उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो. इतरांसाठी उत्पन्नाची मर्यादा आहे. एकट्यानं शेत करणाऱ्या आमच्या कितीतरी मायबहिणींना हे कुणी सांगतच नाही, याचा मला राग येतो.

लोकअदालतीत तडजोड झाली तर दाव्याची कोर्ट फी परत मिळते. तिथल्या निवाड्यावर अपील मात्र नाही. म्हणून सही करण्याआधी तो कागद कुणाकडून तरी मोठ्यानं वाचून घ्या, गट नंबर आणि आराजीसकट.

विधी सेवेचा फोन नंबर आहे 15100, एक-पाच-एक-शून्य-शून्य. पोराच्या मोबाईलमध्ये आत्ताच टाकून ठेवा.