डीसीएसच्या स्क्रीनवर एसओपी: फोल्डर देऊ नका, पान दाखवा

नमस्कार मंडळी.

‘डीसीएसच्या पीसीवर एसओपीचा एक फोल्डर टाकून द्या ना.’ प्रॉडक्शनकडून ही मागणी आली की इन्स्ट्रुमेंटवाल्यांच्या कपाळावर आठी पडते. डीसीएस म्हणजे अख्खा प्लांट चालवणारी संगणकीय कंट्रोल यंत्रणा, आणि एसओपी म्हणजे काम कसं करायचं याची लेखी ठरलेली पद्धत. मागणी रास्तच आहे. पहाटे तीनला कंप्रेसर ट्रिप झाला, तर रीस्टार्टची एसओपी ऑपरेटरला खुर्चीत बसून दिसली पाहिजे. शिफ्ट इनचार्जच्या कपाटाची किल्ली शोधायची ती वेळ नव्हे.

पण आठीलाही कारण आहे. ऑपरेटर स्टेशन, म्हणजे ऑपरेटरसमोरचा डीसीएसचा पीसी, मुद्दाम बंदिस्त ठेवलेलं असतं. डेस्कटॉप लपवलेला, यूएसबी बंद, ठरलेलेच प्रोग्रॅम चालणार. २०१० मध्ये उघडकीला आलेला स्टक्सनेट व्हायरस इंटरनेट नसलेल्या यंत्रणेतही पेन ड्राइव्हवरून शिरायचा. फाइल उघडायचीही गरज नव्हती, फोल्डरमध्ये तिचा आयकॉन दिसला तरी पुरे. तेव्हा पेन ड्राइव्हने पीडीएफ आणायचं आधी डोक्यातून काढा.

बरं, साधा पीडीएफ रीडर टाकला तर?

[स्क्रीनवर: ‘ओपन’ची खिडकी]

हे बघा. ‘फाइल’, मग ‘ओपन’, आणि समोर सी ड्राइव्ह. आता वरच्या पत्त्याच्या पट्टीत ‘सीएमडी’ टाइप करून एंटर मारतो. आला की नाही कमांड प्रॉम्प्ट? म्हणजे डेस्कटॉप लपवून केलेला सगळा बंदोबस्त वाया. ‘सेव्ह ॲज’ची गतही तीच, आणि ‘प्रिंट’मधून पीडीएफ सेव्ह करायला गेलात तरी तीच खिडकी उघडते. शिवाय त्या रीडरला सतत पॅच लागणार, आणि डीसीएसवाल्या कंपनीने तपासलेल्या सॉफ्टवेअरच्या यादीत तो असेलच असं नाही.

म्हणून स्टेशनवर फाइल ठेवायचीच नाही. कंट्रोल नेटवर्कच्या वरच्या थरात, म्हणजे लेव्हल तीनवर, एक छोटा वेब सर्व्हर ठेवा. विंडोजबरोबर येणारं आयआयएस हे वेब सर्व्हरचं सॉफ्टवेअर पुरतं. स्टेशनवर एज ब्राउझर किऑस्क मोडमध्ये, म्हणजे ठरलेलं पान सोडून बाहेर जाता येणार नाही असा, चालवा. ग्रुप पॉलिसीत, म्हणजे विंडोजच्या सक्तीच्या सेटिंगमध्ये, सगळे पत्ते ब्लॉक करून फक्त या सर्व्हरला परवानगी द्या. डाउनलोड, प्रिंटिंग, डेव्हलपर टूल्स आणि फाइल निवडायची खिडकी, चारही बंद. मग स्वतः ऑपरेटरच्या लॉगिनने बसा आणि कंट्रोल-ओ, कंट्रोल-एस, कंट्रोल-पी, एफ-वन, राइट क्लिक असं एकेक दाबून बघा. एकही खिडकी उघडली तर काम अपुरं आहे. हे सगळं डीसीएस पुरवठादाराच्या लेखी होकारानंतरच करायचं, नाहीतर पुढे स्टेशन हँग झालं की बोट ब्राउझरकडेच जाणार.

आता कागद ऑफिसातून तिथवर पोचतो कसा? ऑफिस नेटवर्कवरून थेट नाही. मध्ये डीएमझेड हवा, म्हणजे दोन्ही नेटवर्कांच्या मधला, फायरवॉलने वेगळा ठेवलेला टप्पा. ऑफिसने मंजूर पीडीएफ डीएमझेडच्या सर्व्हरवर ठेवायची, तिथे अँटिव्हायरस फिरवायचा, आणि लेव्हल तीनच्या सर्व्हरने ती आपणहून ओढून घ्यायची. वरून, म्हणजे ऑफिसच्या बाजूने, खाली कनेक्शन उघडण्याची मुभा फायरवॉलमध्ये ठेवायची नाही.

ओढून घेण्यासाठी बहुतेक जण रोबोकॉपी ही विंडोजमधली फाइल कॉपी करायची कमांड लावतात, आणि नेमका मिरर मोड लावतात. तिथेच घोळ होतो. मिरर म्हणजे सोर्समध्ये जे नाही ते इकडूनही पुसणं. कुणी साफसफाईत सोर्स फोल्डर रिकामा केला, की पुढच्या फेरीत कंट्रोल रूमच्या सगळ्या एसओपी गायब. मिरर नको, रद्द झालेली एसओपी हातानेच काढा. आणखी एक गंमत: काम संपल्यावर रोबोकॉपीचा एक्झिट कोड, म्हणजे निकालाचा आकडा, १ आला म्हणजे कॉपी नीट झाली. बिघाड ८ पासून पुढे. हे माहीत नसेल तर रोज फुकटचे अलर्ट येत राहतात आणि खरा अलर्ट त्यातच बुडतो.

फाइलच्या नावात रिव्हिजन नंबर घालू नका. ग्राफिकवरच्या, म्हणजे स्क्रीनवरच्या प्लांटच्या चित्रातल्या, पी-१०१ पंपाच्या बटणाला ‘पी-१०१-स्टार्ट-रिव्हिजन-४’ जोडलंत, की रिव्हिजन पाच आल्यावर लिंक मेली. किंवा जुनी फाइल तिथेच राहिली तर त्याहून वाईट, चौथीच उघडत राहणार. नाव कायम ठेवा, रिव्हिजन आणि तारीख पानाच्या वरच्या ओळीत ठळक छापा. अमेरिकेतल्या टेक्सास सिटीच्या बीपी रिफायनरीत २३ मार्च २००५ ला स्फोट होऊन १५ माणसं गेली. चौकशीत निघालेली एक गोष्ट अशी, की स्टार्ट-अपची पद्धत बदलत गेली होती आणि लेखी प्रोसीजर मात्र जुनीच राहिली होती.

मराठी एसओपीचं दुखणं वेगळंच. श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असेल, तर फॉन्ट एम्बेड न केल्यास, म्हणजे फाइलमध्येच न घातल्यास, स्टेशनवर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. एम्बेड केला तरी ‘व्हॉल्व्ह’ शोधलं तर सापडत नाही, कारण आतली अक्षरं मराठी नसतातच. युनिकोडमध्ये आणा आणि पीडीएफ-ए, म्हणजे दीर्घकाळ जपायच्या पीडीएफचा प्रकार, म्हणून सेव्ह करा. त्यात फॉन्ट एम्बेड करावाच लागतो आणि जावास्क्रिप्टला मनाई असते. स्कॅन केलेल्या पानांवर भरवसा ठेवू नका. ३०० डीपीआयचं एक रंगीत ए-फोर पान मेमरीत उलगडलं की साधारण २५ एमबी. अशी चाळीस पानं झरझर सरकवली की जुनं स्टेशन धापा टाकतं.

आणि एसओपीची खिडकी अलार्मच्या पट्टीवर कधीच येऊ देऊ नका. वेगळा मॉनिटर द्या, नाहीतर खिडकीचा आकार आणि जागा पक्की करा.

दोन-तीनच स्टेशनांचा प्लांट असेल, तर माझं मत विचाराल तर यातलं काहीच करू नका. कन्सोलवर ऑफिस नेटवर्कचा वेगळा पीसी ठेवा, दोन्हीत एकही केबल नको. त्याचा माउस मात्र वेगळ्या रंगाचा घ्या. गडबडीत चुकीच्या माउसला हात गेला तर काय होईल, हे ऑपरेटरला विचारा.

राहिली ब्लॅकआउटची एसओपी. यूपीएस संपला की सर्व्हरही गेला आणि स्क्रीनही. ती छापून, लॅमिनेट करून, कन्सोलच्या खणात टॉर्चशेजारी ठेवा. रिव्हिजन बदलली की त्या खणातलं पान कोण बदलणार, त्याचं नाव त्याच पानावर मागे लिहा.