उत्स्फूर्त प्रतिसादाबद्दल आभार

(काळा पडदा. कर्सर लुकलुकतोय.)

निवेदन:
३१ जानेवारी २०१७ची रात्र. गिटलॅब ही जगभरातले प्रोग्रामर आपला कोड ठेवतात त्या साइट्सपैकी एक. तिथला एक इंजिनिअर कितीतरी तास एका बिघाडाशी झुंजतोय. समोर दोन डेटाबेस सर्व्हर आहेत, एक मुख्य आणि दुसरा त्याची नक्कल. नकलेवरचं फोल्डर पुसून टाकायचं, म्हणून तो कमांड देतो. एक-दोन सेकंदांत डोक्यात लख्ख प्रकाश पडतो. आपण मुख्य सर्व्हरवर आहोत! तो कमांड थांबवतो खरा, पण तोवर सुमारे ३०० जीबीतले जेमतेम साडेचार जीबी उरलेले असतात.

मग बॅकअप शोधायला लागतात. रोजचा बॅकअप होतच नव्हता. तो होत नाही हे कळवणारे ईमेलही कुणापर्यंत पोचत नव्हते. हाती लागते ती सहा तासांपूर्वीची एक प्रत, आणि तीही दुसऱ्याच कामासाठी काढलेली.

(अनेक साइट्सवरच्या दिलगिरीच्या पाट्या, एकामागून एक.)

निवेदन:
अशा वेळी काय वाचायला मिळतं, ते आपल्याला पाठ आहे. ‘तांत्रिक कारणास्तव सेवा तात्पुरती बंद आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व.’ गिटलॅबने मात्र दुरुस्तीच्या नोंदींची फाइलच लोकांसाठी उघडी केली. यूट्यूबवर दुरुस्तीचं थेट प्रक्षेपण लावलं आणि हजारो लोक ते बघत बसले. पुढे ब्लॉगवर सगळं सविस्तर लिहिलं. काय पुसलं गेलं, कुठला बॅकअप का चालला नाही, सहा तासांचा डेटा परत का येणार नाही. चूक त्या इंजिनिअरच्या माथी न मारता कामाच्या पद्धतीवर बोट ठेवलं. लोक चिडले, नाही असं नाही. पण धीर देणारेही पुष्कळ निघाले. त्यांच्याही हातून कधीतरी काहीतरी पुसलं गेलेलं होतंच ना!

संस्थांनी ब्लॉग लिहावा का, असं कुणी विचारलं की मला आधी ही रात्र आठवते. आणि लगेच तिच्या अगदी उलट अशी एक गोष्ट.

(मोकळा महामार्ग. एक मोटरहोम.)

निवेदन:
२००६ साल. एक जोडपं मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घर, घेऊन अमेरिकेत फिरत होतं. मुक्काम वॉलमार्ट या बड्या दुकान-साखळीच्या पार्किंगमध्ये. वाटेत भेटलेल्या लोकांबद्दल ब्लॉगवर लिहायचं, आणि भेटणारे वॉलमार्टवर भलतेच खूश! ऑक्टोबरात बिंग फुटलं. खर्च करत होती वॉलमार्टच्या बाजूने उभी असलेली एक संघटना, आणि तिच्यामागे होती वॉलमार्टचीच जनसंपर्क कंपनी एडलमन. गंमत बघा, एडलमनच्या प्रमुखांनी माफी मागितली तीही ब्लॉगवरच.

त्याच वर्षी जुलैमध्ये संगणक बनवणाऱ्या डेल कंपनीने ब्लॉग सुरू केला. सुरुवातीला नुसतं स्वतःचं कौतुक, त्यामुळे वाचकांनी खिल्ली उडवली. इंटरनेटवर तेव्हा डेलच्या पेटलेल्या लॅपटॉपचा फोटो फिरत होता. काही दिवसांतच कंपनीच्या ब्लॉगने तो विषय स्वतःहून काढला. ऑगस्टमध्ये डेलने ४१ लाख बॅटऱ्या परत मागवल्या.

(मोबाइलवर झरझर सरकणाऱ्या पोस्ट.)

निवेदन:
सोशल मीडिया असताना ब्लॉग कशाला? प्रश्न रास्त आहे, गर्दी तिकडेच आहे. पण ती जागा भाड्याची. गूगल प्लस या गूगलच्या सोशल नेटवर्कवर कितीतरी संस्थांनी पानं सांभाळली होती. एप्रिल २०१९मध्ये गूगलने तो कारभारच आवरला. शिवाय तिथली पोस्ट दोन दिवसांत गाडली जाते. स्वतःच्या पत्त्यावरचा लेख तीन वर्षांनीही, नेमका तोच प्रश्न पडलेल्या माणसाला सापडू शकतो. दवंडी चौकात पिटावी, दप्तर मात्र आपल्या घरी असावं.

आता ज्यांच्याकडे सांगण्यासारखं काही नाही, त्यांनी या फंदात पडू नये. नव्या कार्यालयाचं उद्घाटन, मग शुभेच्छा, मग दोन वर्षं सामसूम. असला ब्लॉग नसलेलाच बरा.

पण सांगण्यासारखं भरपूर असूनही ब्लॉग मरतात. ते कसे मरतात, ते जवळून बघू.

(टेबल. एक कागद. त्यावर लाल पेन.)

निवेदन:
समजा, एका संस्थेत खिडकीवर काम करणारा कर्मचारी लिहितो: ‘लोक चार तास रांगेत उभे राहिले, कारण आम्ही एकच खिडकी उघडली होती.’

कागद विभागप्रमुखांकडे जातो. ‘काही जणांना थोडा वेळ थांबावं लागलं.’

तिथून कायदा विभागाकडे. ‘काही ठिकाणी प्रतीक्षा कालावधीत वाढ झाल्याचे निदर्शनास आले आहे.’

शेवटी जनसंपर्क विभाग. ‘आपल्या उत्स्फूर्त प्रतिसादाबद्दल मनःपूर्वक आभार!’

तसं पाहिलं तर कुणीच खोटं बोललेलं नाही. ज्याने त्याने आपापलं काम चोख केलं. फक्त खिडकी गेली, रांग गेली, चार तास गेले. आणि त्या रांगेत खरोखर उभा राहिलेला माणूस हे वाचतो तेव्हा त्याला वाटतं, आपली थट्टा चाललीय.

(तोच कर्मचारी. नवा कोरा कागद.)

निवेदन:
महिनाभराने त्या कर्मचाऱ्याला पुन्हा लिहायला सांगतात. या वेळी तो फार वेळ घेत नाही. पहिलंच वाक्य लिहितो: ‘आपल्या उत्स्फूर्त प्रतिसादाबद्दल…’

कागद एका दिवसात मंजूर होऊन येतो.